रजेवर आलोय, असं किती दिवस सांगणार?

पत्र (थोडं कमी करून):
मी ४१ वर्षांचा आहे. नवी मुंबईतल्या एका कारखान्यात डिस्पॅच सुपरवायझर म्हणून १३ वर्षं ४ महिने काम केलं. ऑगस्टमध्ये आमचं युनिट बंद झालं आणि सगळ्यांकडून राजीनामे लिहून घेतले. गणपतीला गुहागर तालुक्यातल्या गावी आलो तो इथंच आहे. आईला आणि वाडीत रजेवर आलोय असं सांगितलंय. दिवाळी झाली, आता लोक विचारायला लागलेत. बायको आणि मुलं बदलापूरला, मोठा नववीत, धाकटी पाचवीत. घराचा हप्ता १३,६०० रुपये, अजून ११ वर्षं आहे. बायको शिवणकामातून महिन्याला ६,००० मिळवते. बँकेत १ लाख १० हजार, एफडी दीड लाख, पीएफ ५ लाख ८० हजार. ग्रॅच्युइटी मिळालेली नाही. गावी वडिलांनी लावलेली १८ हापूसची कलमं आणि ४० काजू आहेत. सगळा पीएफ काढून जुन्या घराचं होमस्टे करावं असं मनात आहे. रात्री तीनला जाग येते ती परत झोप लागत नाही. संध्याकाळी कधी मित्रांबरोबर बसतो तेवढंच बरं वाटतं. लोक काय काय सोसतात आणि मी एका नोकरीनं एवढा खचलो. खंबीर कसं व्हायचं?
– नाव छापू नये, गुहागर तालुका

उत्तर:

तुम्ही सगळे आकडे दिलेत, फक्त त्यांची बेरीज केलेली नाही. ती आधी करू. रात्री तीनला छातीवर जे बसतं त्याला आकडा नसतो, आणि बिनआकड्याच्या भीतीची कितीही समजूत घातली तरी ती हलत नाही. खंबीरपणाचं नंतर बघू.

तुमच्या पूर्ण पत्रातले खर्च असे आहेत: हप्ता १३,६००, सोसायटी १,८००, शाळा आणि क्लास ४,५००, किराणा-दूध-भाजी ७,५००, वीज-गॅस-मोबाइल २,६००, आईची औषधं १,५००, येणं-जाणं २,०००. एकूण ३३,५००. त्यातून शिवणकामाचे ६,००० वजा केले की दर महिन्याला २७,५०० रुपये शिलकीतून जातात. शिल्लक २ लाख ६० हजार. त्यातले ४०,००० दवाखान्यासाठी वेगळ्या खात्यात टाका आणि ते आपल्याजवळ नाहीतच असं धरून चाला. उरलेल्या २ लाख २० हजारांना २७,५०० नं भागलं की बरोबर आठ महिने येतात. आज नोव्हेंबरचा मध्य आहे. म्हणजे एक रुपया कमावला नाही, ग्रॅच्युइटी आली नाही आणि पीएफला हात लावला नाही, तरी पुढच्या १५ जुलैपर्यंत घर चालतं. तोपर्यंत भाताची लावणी आलेली असेल.

ही तारीख कागदावर मोठी लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि दर महिन्याच्या १ तारखेला हिशेब नव्यानं करून ती बदला. पुढचा प्रत्येक निर्णय ही तारीख किती दिवस पुढं-मागं सरकवतो, एवढंच विचारायचं. मुलाचा क्लास बंद करण्यासारखे निर्णय माणूस घाबरून पहिल्या महिन्यात घेतो, आणि त्यानं तारीख जेमतेम हलते. घरातल्या सगळ्यांना मात्र वाटायला लागतं की आता बुडालो.

ग्रॅच्युइटी ही तारीख सगळ्यात जास्त हलवते, आणि तिच्याबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत. हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणायचं. तुमच्या स्लिपवर १८,२०० आहेत. भागिले २६ म्हणजे ७००, गुणिले १५ म्हणजे १०,५००, गुणिले १३ म्हणजे १ लाख ३६ हजार ५००. वरचे चार महिने धरत नाहीत. सहा महिन्यांच्या वर असते तर चौदावं वर्ष धरलं असतं. पाच वर्षं पूर्ण झाली असली की राजीनामा दिला म्हणून हा हक्क जात नाही. देय झाल्यापासून ३० दिवसांत मालकानं ती द्यायची असते, उशीर झाला तर साधं व्याज लागतं. या आठवड्यात लेखी अर्ज करून स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. तोंडी ‘एचआरशी बोललो’ याला पुढं कुठंच किंमत नसते. उत्तर आलं नाही तर कंपनी ज्या भागात आहे तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करायची, त्यासाठी वकील लागतोच असं नाही. ही रक्कम हातात आली की १५ जुलै सरकून डिसेंबरच्या मध्यावर जाते.

राजीनामा लिहून घेतला ही गोष्ट मात्र महागात पडलेली आहे. युनिट बंद करून कामावरून कमी केलं तर कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई मिळते. राजीनामा दिला की मालक म्हणतो, तुम्ही स्वतःहून गेलात. सगळ्यांकडून एकाच दिवशी, एकाच मजकुराचे राजीनामे घेतले असतील तर तीच गोष्ट तुमच्या बाजूचा पुरावा आहे. सोबतच्यांचे कागद आणि त्या दिवसांतले व्हॉट्सअॅप मेसेज गोळा करा आणि गटानं जा. हुद्दा ‘सुपरवायझर’ लिहिलाय म्हणून सोडून देऊ नका. प्रत्यक्ष काम काय करत होतात ते बघितलं जातं. पण या वाटेला वेळ लागतो, म्हणून या पैशांची बेरीज वरच्या हिशेबात धरायची नाही.

बँकेचा हप्ता एकदाही चुकवू नका. शिल्लक असताना तो चुकण्याचं कारण नाही, पण खात्यात पैसे ठेवायचे राहिले आणि हप्ता परत गेला असं बेकार माणसाच्या बाबतीत नेहमी होतं, कारण पगाराची तारीखच उरलेली नसते. ९० दिवस थकलं की कर्ज बुडीत वर्गात जातं आणि त्यानंतर ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो. तुमचं साधारण ११ लाख ४० हजार मुद्दल बाकी आहे. ९ टक्क्यांनी ११ वर्षांची १६ केली तर हप्ता ११,२०० च्या आसपास येतो. महिन्याला २,४०० वाचतात, पण शेवटपर्यंत साडेतीन लाखांच्या वर व्याज जास्त जातं. आत्ता हे करू नका. मार्चअखेर काम लागलं नाही तर अर्ज द्या, आणि खातं नियमित असतानाच द्या. थकल्यावर गेलेल्या माणसाशी बँक वेगळ्या आवाजात बोलते.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपला असणार. रेशनकार्डावर चौघांचीही नावं आहेत ना, ते आधारला जोडलंय ना, ते बघून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात, आणि ऐन वेळी कार्डावर मुलाचं नाव नाही म्हणून माणसं काउंटरवर अडतात. एलआयसीचे हप्ते असतील तर मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि तिमाहीपासून वार्षिक हप्त्यापर्यंत ३० दिवसांची सवलत असते. तीही वहीत लिहून ठेवा.

आता ‘रजा’. गावात खरं न सांगण्याचं तुमचं कारण कळतं. चाकरमानी गणपतीला येतो तो पेढ्यांचे बॉक्स घेऊन, आणि दीड दिवस असो की सात, परतीचं तिकीट खिशात असतं. तो परत गेला नाही तर काहीतरी बिनसलंय हे वाडीला न सांगताही कळतं. तुम्ही लपवताय असं तुम्हाला वाटतं. वाडी तुमच्या समोर विषय काढत नाही एवढंच. तिनं हे आधी पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मिटला नाही, तेव्हा कोकणातल्या किती वाड्यांत मनीऑर्डर यायची बंद झाली आणि माणसं ‘थोड्या दिवसांसाठी’ गावी आली. तुमच्या आईच्या वयाच्या माणसांना ती रजा चांगली आठवते.

खोटं बोलण्याचा तोटा पैशांतही आहे. कोकणात अर्धं काम तिठ्यावरच्या टपरीत, देवळाच्या सभेत आणि एसटीच्या सीटवर कळतं. जो माणूस तुम्हाला रजेवर समजतो तो तुम्हाला काम कसं सांगेल? लोट्याला त्याच्या मेहुण्याच्या कंपनीत स्टोअरला माणूस हवा असला तरी तो तुमच्यासमोर विषय काढणार नाही.

सांगण्याचा क्रम असा ठेवा: आधी आई, एकटी असताना, सकाळी. रात्री सांगाल तर दोघांचीही झोप जाईल. तिला १५ जुलैची तारीख त्याच बोलण्यात सांगा, कारण तिचा पहिला प्रश्न ‘आता पोरांचं काय’ हाच असेल. मग शेजारचे दोन-तीन जवळचे. मग बाकीचे विचारतील तसे. वाक्यं आधी घोकून ठेवा, तीनच: ‘कंपनीचं युनिट बंद झालं. मी काम शोधतोय. डिस्पॅच, स्टोअर, गोडाऊन, गाड्यांचं लोडिंग असं कुठं काही कळलं तर मला सांगा.’ कंपनीला शिव्या नाहीत, नशीब नाही, ‘बघू, होईल काहीतरी’ नाही. तिसरं वाक्य सोडू नका. त्यामुळं समोरच्याला काहीतरी करता येतं आणि कीव करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. एखादा टोमणा येईलच, ‘मुंबय पावली नाय वाटतं’ असा. त्यालाही हीच तीन वाक्यं.

आणि एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. तुमचं पत्र चार पानांचं आहे, त्यात पत्नीबद्दल फक्त तीन ओळी आहेत, त्यातली एक त्यांच्या कमाईची. तुम्ही गावी आहात. बदलापूरला मुलांची शाळा, सोसायटीचे निरोप, शेजाऱ्यांचे तेच प्रश्न आणि मशिनीवरचं काम हे सगळं त्या एकट्या ओढतायत. वरचा हिशेब त्यांच्याबरोबर बसून करा, आणि तोही समोरासमोर, फोनवर नको.

त्यासाठीही आणि कामासाठीही तुम्हाला बदलापूरला जावं लागेल. तुमच्या हाताला जे काम येतं ते भिवंडीच्या गोदामांत, तळोजा-अंबरनाथच्या कारखान्यांत आणि उरणच्या कंटेनर यार्डांत आहे. गुहागर तालुक्यात बसून डिस्पॅचची नोकरी शोधणं म्हणजे खाडी सोडून विहिरीत गळ टाकणं. महिन्याचे दोन भाग करा: पहिले पंधरा दिवस बदलापूर, पुढचे पंधरा गाव. गावच्या पंधरवड्यात दोन फेऱ्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आणि एक रत्नागिरीच्या मिरजोळ्यात. तिथं गेटवर बायोडेटा टाकून येऊ नका, तो सिक्युरिटीच्या टेबलाखाली जातो. ज्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या तुम्ही १३ वर्षं भरल्या त्यांना फोन करा. कुठल्या कंपनीत माल वाढलाय, कुठं डिस्पॅचचा माणूस सोडून गेला, हे त्यांना एचआरच्या आधी कळतं. दिवसाला पाच फोन, आठवड्याला पंचवीस. कुणाला कधी केला, काय म्हणाला, परत कधी करायचा, वहीत तीन रकाने.

बायोडेटात ‘१३ वर्षांचा अनुभव’ हे वाक्य काही सांगत नाही. दिवसाला किती गाड्या भरत होता, हाताखाली किती माणसं, ई-वे बिल स्वतः काढत होता का, सॅपमध्ये कुठल्या नोंदी करत होता, वर्षाच्या स्टॉकमोजणीत फरक किती यायचा, हे आकड्यांत लिहा. एका पानावर. नॅशनल करिअर सर्व्हिस आणि महास्वयं या सरकारी पोर्टलांवर नोंदणी फुकट आहे, अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाका आणि त्यावर फार विसंबू नका. नोंदणी फी, युनिफॉर्मचे पैसे, मेडिकलचे पैसे आधी मागणारा कुणीही नोकरी देत नाही. आखाताचं कुणी सुचवलं तर एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते बघितल्याशिवाय पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा देऊ नका.

झोपेचं बघू. तीनला जाग येण्याचं एक कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, दोन ओळी अलीकडे-पलीकडे. दारूनं झोप लवकर लागते, पण ती शरीरातून उतरायला लागली की झोप पातळ होते, आणि नऊला घेतलेली दोन-तीनच्या सुमारास उतरते. चिंता असतेच, त्यावर ही भर. तीन आठवडे पूर्ण बंद ठेवून बघा. मित्रांकडे बसणं बंद करू नका. फक्त ग्लासात कोकम सरबत घ्या आणि हसतील त्यांना हसू द्या. जाग आलीच तर अंथरुणात वीस मिनिटांच्या वर तळमळत पडायचं नाही. उठून पडवीत बसायचं, मोबाइल आत ठेवून. झोप आली की परत आडवं व्हायचं. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच, सहा. दुपारी जेवल्यावर अर्ध्या तासाहून जास्त झोप नको, चारनंतर चहा नको. पहिले आठ-दहा दिवस जास्तच दमल्यासारखं वाटेल, तिथंच बहुतेक लोक सोडतात.

दिवसालाही कणा लागतो. व्हिएन्नाजवळच्या मारियेनथाल गावातली कापडाची गिरणी बंद पडली, तेव्हा १९३१-३२ च्या हिवाळ्यात मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं राहून बारीकसारीक नोंदी केल्या. लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्यावरची चाल घड्याळ लावून मोजली तर पुरुष हळू झाले होते आणि वाटेत पुन:पुन्हा थांबत होते; बायका झपाझप जात होत्या, कारण त्यांची घरची कामं बंद पडली नव्हती. याहोदानं पुढं मांडलं की नोकरी पगाराशिवायही बरंच देते: वेळेचा साचा, घराबाहेरची माणसं, चारजणांनी मिळून केलेलं काम, ओळख आणि हातापायांना हालचाल. पगार गेलेला लगेच दिसतो, बाकीचं गेलेलं दिसत नाही, आणि माणूस म्हणतो मी खचलो. तुम्ही स्वतःला दोष देताय तो या न दिसणाऱ्या गोष्टींचा.

त्या परत उभ्या करायच्या म्हणजे: सहाला उठणं. साडेसहा ते नऊ बागेत अंगमेहनत, बदलापूरला असाल तेव्हा चालणं आणि घरचं पाणी-बाजार. दहा ते एक फोन आणि अर्ज, आंघोळ करून, बाहेर जायच्या कपड्यांत. गावी रेंज नसेल तर जिथं येते तिथं जाऊन बसा, कातळावर का होईना, पण रोज त्याच वेळी. दुपारनंतर एका तरी माणसाला प्रत्यक्ष भेटणं. संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं काळजीची वही: जे जे डोक्यात येतं ते लिहायचं, ज्यावर उद्या काही करता येईल त्यापुढं खूण, बाकीचं तसंच सोडायचं. रात्री तीनला तोच विचार आला की त्याची जागा ठरलेली आहे, संध्याकाळी सहा वाजता.

याशिवाय एकदाच करायची एक गोष्ट. ओळीनं पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेली त्या दिवसाबद्दल आणि तेव्हापासून जे वाटतंय त्याबद्दल न थांबता लिहा. व्याकरण नको, कुणाला दाखवायचं नाही, नंतर बंबात घाला. अमेरिकेत नोकरी गेलेल्या अनुभवी इंजिनिअरांवर केलेला असा एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी मनातलं लिहिलं त्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या, आणि गंमत म्हणजे त्यांनी अर्ज किंवा फोन जास्त केलेले नव्हते. मुलाखतीत ‘आधीची नोकरी का सोडली’ विचारलं की जुन्या मालकाबद्दलचा राग सगळ्यांच्याच तोंडावर येतो. लिहून मोकळा झालेला माणूस तिथं शांत राहतो, हे त्याचं पटण्यासारखं कारण. तुमच्याकडून राजीनामा लिहून घेतलाय, त्यामुळं तुम्हाला याची गरज जास्त आहे.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा आपण नसतो तर बरं असं मनात आलं असेल, तर वहीवर थांबू नका. त्याच दिवशी १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. चिपळूणजवळच्या कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. नावाला दचकू नका. झोपेसाठी मेडिकलमधून कुणाच्या तरी चिठ्ठीवरच्या गोळ्या आणण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

आता बाग. नव्या पोफळीला धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणून आगरात मधल्या जागेत केळ लावतात. वर्षभरात घड येतो आणि वाडी तोवर तग धरते. तुमच्याकडे केळीच्या जागी काजू आहे. ४० झाडांखालचं रान येत्या डिसेंबरात बेणून साफ करा, म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून पडलेली बी सापडते. पाल्यात पडलेली अर्धी बी हरवते आणि उरलेली उंदीर-खारी नेतात. बी बोंडापासून पिळून वेगळी करा, खळ्यात दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, रोज वर-खाली करा. मुठीत घेऊन हलवली की खडखडली पाहिजे. ओली बी विकली तर व्यापारी वजनात आणि भावात दोन्हीकडे कापतो, आणि पोत्यात ठेवली तर बुरशी धरते. जुनी गावठी झाडं असतील तर झाडामागं पाच किलो धरा, वेंगुर्ल्याची कलमं असतील तर जास्त. दोनशे किलो आणि किलोला ११० रुपये धरले तर २२,००० होतात. १५ जुलैचा ८ ऑगस्ट.

हापूस या वर्षी स्वतः करू नका. अठरा कलमांसाठी फवारणीचा पंप, शिड्या, झेला घेऊन चढणारी माणसं, पेट्या आणि गिऱ्हाईक हे सगळं नव्यानं जमवावं लागेल, आणि तुडतुडा किंवा भुरीच्या एका चुकलेल्या फवारणीत मोहोर काळा पडतो. खंडानं द्या, पण करार कागदावर: झाडांची संख्या, रक्कम, निम्मी आगाऊ, फळ उतरवण्याची शेवटची तारीख, आणि विचारल्याशिवाय कल्टार (मोहोर लवकर आणणारं औषध) घालायचं नाही ही अट. एका वर्षाच्या ठेकेदाराला झाडाचं पुढचं काय होतं याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच्या प्रत्येक फवारणीला मात्र हजर राहा, काय आणि किती घातलं ते लिहून घ्या. पुढच्या वर्षीचं त्यावर ठरवता येईल. भाजीपाल्याचं कुणी सुचवेल. अर्धा महिना तुम्ही नसणार, तेव्हा आईला पाणी शेंदायला आणि वांदर हाकलायला लावणार असाल तर नको.

मुलाची शाळा मध्येच हलवू नका. गावी यायचंच ठरलं तर त्याची दहावी झाल्यावर.

राहिलं होमस्टे. पीएफ काढण्याबद्दल आधी: पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं भरलीय का ते बघा. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला आधारच्या ओटीपीनं ती भरता येते. आधार, पॅन आणि बँक पासबुक यांवर नाव एकसारखं करून घ्या, दावे सगळ्यात जास्त इथंच परत येतात. हे सगळं पैसे काढायचे नसले तरी करून ठेवा. दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळं पेन्शनच्या हिश्शाचे पैसे एकरकमी मिळत नाहीत, तुम्हाला ५८ व्या वर्षापासून पेन्शन लागू होते. त्यासाठी स्कीम सर्टिफिकेट घ्या. मूळ रक्कम तशीच ठेवली तर तिच्यावर व्याज चालू राहतं. २०२४-२५ चा ८.२५ टक्के दर तसाच टिकला असं धरलं, तर ५ लाख ८० हजारांचे १७ वर्षांत २२ लाखांच्या वर होतात. होमस्टेला त्याहून सरस कमवावं लागेल.

दोन खोल्या आणि रात्रीला १,५०० रुपये धरा. शनिवार-रविवार पूर्ण भरले तर महिन्याला १६ खोल्या-रात्री, २४,००० रुपये; निम्मे भरले तर १२,०००. त्यातून धुलाई, वीज, नाश्ता आणि बुकिंगवाल्यांचं कमिशन जातं. जून ते सप्टेंबर जवळजवळ काही नाही. आणि खर्च दोन खोल्यांवर थांबत नाही. दोन नवे संडास-बाथरूम, शोषखड्डा, पाण्याची वेगळी टाकी, मेमध्ये विहीर तळाला गेली की टँकर, वीज गेली की इन्व्हर्टर. घर किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामबंधनांची, हद्द बघावी लागते. तुमच्या जांभ्याच्या घराला हे शोभेल यात शंका नाही, पण एकदा भिंत फोडली आणि पैसे गेले की मागं फिरता येत नाही. पुढच्या जूनपर्यंत परत न फिरणारा कुठलाच निर्णय घेऊ नका. तोवर पदरचे पैसे न घालता चाचणी करता येते: येत्या मेमध्ये ओळखीच्या एखाद्या होमस्टेच्या पाहुण्यांना घरगुती जेवण देऊन बघा, आईला ते झेपतं का आणि तुम्हाला आवडतं का ते चार आठवड्यांत कळेल. जमलं तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी या सरकारी कर्ज-अनुदान योजनेची चौकशी करा. ग्रामीण भागात खुल्या वर्गाला प्रकल्पाच्या २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय अशा गटांना ३५ टक्के अनुदान असतं. म्हणजे अर्ज पत्नीच्या नावानं केलेला बरा, आणि त्याआधी त्यांना विचारलेलं त्याहून बरं.

पण त्याही आधी या आठवड्यात तलाठ्याकडून सातबारा आणि ग्रामपंचायतीतून घरपट्टीचा उतारा काढून आणा, आणि ‘वडिलांचं घर’ म्हणता त्यावर चुलत्या-आत्यांची मिळून किती नावं आहेत ती मोजा. संमतीपत्रावर सह्या त्या सगळ्यांच्या लागतील, आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईला असतील. नावं किती निघाली ते कळवा.